दगड ओळखण्याची पद्धत: ताज्या फुटीपासून नावापर्यंत

दगड ओळखताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी रंग पाहिला जातो, मग त्या रंगाचे चित्र शोधले जाते, चित्राखालचे नाव मान्य केले जाते आणि झालीच तर एखादी चाचणी सर्वांत शेवटी होते. तिचा निष्कर्षही मनात ठरलेल्या नावाला दुजोरा मिळावा अशाच नजरेने वाचला जातो. रंग हा खनिजाचा सर्वांत बेभरवशाचा गुणधर्म आहे. क्वार्ट्झ रंगहीन, पांढरा, जांभळा, गुलाबी, पिवळा, धुरकट काळा अशा अनेक रूपांत सापडतो आणि फ्लुओराइटची रंगसंगतीही जवळजवळ तेवढीच विस्तृत आहे. दोन्हींचे जांभळे तुकडे शेजारी ठेवले, तर छायाचित्रावरून फसगत सहज होते. चाकूचे टोक मात्र एका ओरखड्यात त्यांना वेगळे करते, कारण फ्लुओराइटवर चर पडते आणि क्वार्ट्झवर पडत नाही.

पुढे दिलेल्या पद्धतीत नाव अखेरीस येते. प्रत्येक टप्प्यावर फक्त निरीक्षण करायचे, ते लिहून ठेवायचे आणि जी नावे त्या निरीक्षणात बसत नाहीत ती वगळत जायचे. पृष्ठभाग बदलून टाकणारी आम्लाची चाचणी सर्वांत शेवटी, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. आम्लाचा थेंब टाकल्यानंतर चमक पाहणे निरर्थक ठरते.

पूर्वतयारी

साहित्य थोडे आणि साधे आहे, पण ते हाताशी असल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पोलादी चाकू किंवा जाड सुई, खिडकीच्या काचेचा कडा घासलेला लहान तुकडा, तांब्याची पट्टी किंवा जाड तार, चकाकीचा मुलामा नसलेली चिनी मातीची पांढरी फरशी, दोऱ्याला बांधता येईल असा लहान पण जोरकस चुंबक, निदान ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, पाण्याचे भांडे, पांढरे व्हिनेगर किंवा विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि वही. चिनी मातीची खास फरशी मिळाली नाही, तर भिंतीला लावायच्या पांढऱ्या फरशीची मागची, मुलामा नसलेली बाजू चालते. दगड फोडायचा असेल तर भूवैज्ञानिक वापरतात तसा हातोडा आणि संरक्षक चष्मा हवा.

साधनांची पारख आधी करून घ्यावी, कारण ही पायरी जवळजवळ सर्वजण गाळतात. चाकूच्या पोलादाची कठिनता, म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, सर्वत्र सारखी नसते (तिची १ ते १० ची मापश्रेणी टप्पा ५ मध्ये दिली आहे). साधारणपणे ती ५.५ धरली जाते, पण कडक पोलाद ६ च्या पुढे जाते. म्हणून ज्यांची ओळख पक्की आहे असे तीन नमुने जवळ ठेवावेत: कॅल्साइट (३), फेल्स्पार (६) आणि क्वार्ट्झ (७). आपला चाकू फेल्स्पारवर ओरखडा काढतो की नाही, हे एकदा कळले म्हणजे पुढच्या प्रत्येक निष्कर्षाला आधार मिळतो. नाण्याऐवजी तांब्याची पट्टी घेण्याचे कारणही हेच: अनेक नाण्यांवर तांब्याचा केवळ पातळ मुलामा असतो आणि आतला धातू वेगळ्या कठिनतेचा असतो.

इशारा: दगड फोडताना कपच्या बंदुकीच्या छऱ्यांसारख्या उडतात, त्यामुळे चष्म्याशिवाय हातोडा उचलू नये आणि शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीलाही दूर ठेवावे. सुतारकामाचा हातोडा वापरू नये. त्याच्या तोंडाचे टवके उडू शकतात. दोन हातोडे एकमेकांवर कधीही आपटू नयेत.

टप्पा १: नमुना निवडणे आणि जागेची नोंद

नमुना जमिनीत रुजलेल्या खडकापासून घेतला, की सुटा पडलेला उचलला, हे पहिल्या ओळीत लिहावे. नदीच्या पात्रातला गोटा कित्येक किलोमीटर वाहत आलेला असू शकतो आणि रस्त्याकडेची खडी कुठल्या तरी खाणीतून आणलेली असते. अशा तुकड्यावरून त्या परिसराच्या खडकाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. उलट, जागेवरच्या खडकाचा तुकडा असेल तर त्याच्याभोवतीची माहिती नमुन्याइतकीच मोलाची असते: थर आहेत का, ते किती जाड आहेत, शिरा कोणत्या दिशेने जातात, शेजारचा खडक वेगळा आहे का. तळहाताएवढ्या तुकड्यात यांपैकी बरेचसे दिसत नाही.

चिठ्ठी तिथल्या तिथे लिहून नमुन्याबरोबरच गुंडाळावी. घरी जाऊन लिहू म्हणून ठेवलेल्या नमुन्यांची हमखास अदलाबदल होते. संरक्षित क्षेत्रात किंवा खासगी जमिनीत परवानगीशिवाय तुकडा तोडू नये. तिथे छायाचित्र आणि टिपण यांवर काम भागवावे.

टप्पा २: ताजी फूट मिळवणे

ऊन, पाऊस आणि हवा यांमुळे दगडाच्या बाहेरच्या भागात रासायनिक बदल होतात. काळ्या बेसाल्टवर तपकिरी साल तयार होते, फेल्स्पार पिठूळ होऊन चिकणमातीकडे झुकतो, लोहयुक्त खनिजांवर गंज चढतो. या सालीवर केलेली चमक, रंग आणि कठिनता यांची प्रत्येक चाचणी सालीची असते, दगडाची नसते. म्हणून नमुन्याच्या कोपऱ्यावर नेमका घाव घालून रुपयाएवढी तरी ताजी फूट मिळवावी. घाव कडेपासून थोडा आत आणि कडेच्या दिशेने तिरपा द्यावा. मधोमध मारलेला घाव दगड चुरतो आणि स्वच्छ पृष्ठभाग देत नाही.

सुटा, सुघड स्फटिक असेल तर तो मुळीच फोडू नये. त्याच्या तुटलेल्या बुडाशी भिंगाने पाहिले तरी पुरेसे असते.

धुण्याआधी एक विचार करावा. बहुतेक दगड पाण्याने व मऊ ब्रशने धुण्यास हरकत नाही, पण सैंधवासारखी पाण्यात विरघळणारी खनिजे धुताना नष्ट होतात. शंका असेल तर ओलसर कापूस एका कोपऱ्यावर टेकवून पाहावा. पृष्ठभाग गुळगुळीत किंवा चिकट झाला तर पाणी टाळावे. धुतलेला नमुना पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ओला दगड कोणताही असो, काचेसारखा चमकतो.

पडताळा: ताज्या फुटीचा रंग बाहेरच्या सालीपेक्षा वेगळा आहे का? वेगळा असेल तर दोन्ही रंग स्वतंत्रपणे लिहावेत आणि पुढचे सर्व काम ताज्या फुटीवरच करावे.

टप्पा ३: हे खनिज आहे की खडक?

हा निर्णय चुकला तर पुढचे सारे वाया जाते. खनिजाला ठरावीक रासायनिक संघटन आणि अणूंची ठरावीक मांडणी असते, म्हणून त्याची कठिनता, घनता आणि पाटन (ठरावीक प्रतलांवर सपाट फुटण्याचा गुण) मोजता येते. खडक हा बहुधा अनेक खनिजांच्या कणांचा समूह असतो आणि त्याला एकच एक कठिनता नसते. ग्रॅनाइटची कठिनता विचारली तर उत्तर कोणत्या कणावर सुई टेकवली यावर अवलंबून राहील.

ताजी फूट भिंगाखाली धरावी. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरायचे आणि दगड हळूहळू जवळ आणायचा. भिंग दगडाजवळ ठेवून डोळा दूर ठेवला तर दिसणारे क्षेत्र फारच लहान होते. आता वेगवेगळ्या रंगांचे किंवा चमकेचे कण दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर तो खडक. थेट टप्पा ८ कडे जावे आणि त्यातल्या प्रत्येक प्रकारच्या मोठ्या कणावर शक्य त्या खनिज-चाचण्या कराव्यात. सर्व तुकडा एकसारखा दिसत असेल तर दोन शक्यता उरतात: ते एकच खनिज आहे किंवा अतिसूक्ष्म कणांचा खडक आहे. बेसाल्ट, शेल, चुनखडक यांचे सूक्ष्म कण भिंगातही सुटे दिसत नाहीत. अशा वेळी दोन्ही मार्ग खुले ठेवावेत. चुनखडक आणि संगमरवर यांसारखे काही खडक मुख्यतः एकाच खनिजाचे असतात, हेही लक्षात असू द्यावे.

टप्पा ४: चमक आणि कस

चमक म्हणजे पृष्ठभागावरून प्रकाश कसा परावर्तित होतो तो प्रकार. पहिला प्रश्न एकच: धातूसारखी आहे की नाही? धातूसारखी चमक असणारी खनिजे अपारदर्शक असतात. त्यांची पातळ कडसुद्धा प्रकाश आरपार जाऊ देत नाही. बाकीच्यांना काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी, मेणासारखी किंवा मातकट असे जवळचे विशेषण द्यावे. दिवसाचा उजेड वापरावा; पिवळ्या दिव्याखाली पायराइटच काय, अभ्रकाची पिवळसर चकतीही सोन्यासारखी भासते.

कस म्हणजे खनिजाच्या चुऱ्याचा रंग. नमुन्याचा कोपरा चिनी मातीच्या फरशीवर दाबून दोन-तीन सेंटिमीटर ओढावा, फुंकर मारून जास्तीचा चुरा उडवावा आणि उरलेल्या रेघेचा रंग पाहावा. पूर्ण तुकड्याचा रंग कितीही बदलला तरी कस बराच स्थिर असतो. हेमॅटाइट पोलादी करडा आणि चकचकीत असो वा लालसर मातकट, त्याचा कस तांबूस तपकिरीच येतो. मॅग्नेटाइटचा काळा, गोएथाइटचा पिवळसर तपकिरी, गॅलेनाचा शिशासारखा करडा. सोन्याचा कस सोनेरी पिवळा असतो आणि पायराइटचा हिरवट काळा. या एका रेघेने बहुतेक खोट्या आशा संपतात.

इथे दोन चुका सतत होतात. पहिली म्हणजे काचेसारख्या चमकेच्या हलक्या रंगाच्या खनिजांवर कसाची चाचणी करून निष्कर्ष काढण्याचा प्रयत्न करणे. बहुतेक सिलिकेट खनिजांचा (सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेल्या, उदाहरणार्थ फेल्स्पार, अभ्रक) कस पांढरा किंवा अगदी फिका असतो, त्यामुळे तिथे ही चाचणी जवळजवळ काहीच सांगत नाही. तिची खरी किंमत धातूसारख्या चमकेच्या आणि गडद, मातकट खनिजांत आहे. दुसरी चूक अधिक फसवी आहे. फरशीची स्वतःची कठिनता ६.५ ते ७ च्या आसपास असते. त्याहून कठीण खनिज ओढले तर फरशीच झिजते आणि तिचा पांढरा चुरा खनिजाचा कस म्हणून नोंदवला जातो.

पडताळा: रेघ ओल्या बोटाने पुसावी. खाली खोबण उरली असेल तर तो चुरा फरशीचा होता. वहीत «कस मिळत नाही, खनिज फरशीपेक्षा कठीण» असे लिहावे. हेही उपयुक्त निरीक्षणच आहे.

टप्पा ५: कठिनता

फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ साली मांडलेल्या मापश्रेणीत दहा खनिजे चढत्या क्रमाने आहेत: टाल्क १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लुओराइट ४, अ‍ॅपेटाइट ५, ऑर्थोक्लेज फेल्स्पार ६, क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कोरंडम ९ आणि हिरा १०. हे आकडे फक्त क्रम सांगतात. ८ ची कठिनता ४ च्या दुप्पट असते असा अर्थ काढू नये. हिरा तर कोरंडमच्या एकच पायरी वर असूनही त्याच्या कित्येक पट कठीण आहे. रोजच्या साधनांपैकी नख सुमारे २.५, तांबे सुमारे ३, आणि काच व साधा चाकू सुमारे ५.५ येथे बसतात.

चाचणी अशी करावी. नमुन्याचा सपाट, ताजा भाग टेबलावर पक्का धरावा, सुईचे टोक एका बिंदूवर दाबून जेमतेम पाच मिलिमीटर ओढावे आणि थांबावे. लांबच लांब ओरखडे काढण्याने माहिती वाढत नाही, नमुना मात्र विद्रूप होतो. मग ती रेघ ओल्या बोटाने पुसून भिंगातून पाहावी आणि नखाचे टोक तिच्यावरून आडवे फिरवावे. नख अडकले तर चर खरी आहे. नंतर उलट चाचणी करावी: नमुन्याच्या टोकाने काचेवर किंवा चाकूच्या पात्याच्या सपाट भागावर ओरखडा काढून पाहावा. दोन्ही दिशांनी सुसंगत उत्तर आले तरच ते नोंदवावे.

उलट चाचणीवर एवढा भर देण्याचे कारण आहे. मऊ वस्तू कठीण वस्तूवर ओढली की मऊ वस्तूचा चुरा कठीण वस्तूवर रेघेच्या रूपात बसतो आणि ती रेघ ओरखड्यासारखीच दिसते. क्वार्ट्झवर चाकू ओढला की करडी, चमकदार रेघ उमटते. ती चाकूच्या पोलादाची असते. ती पुसून न पाहता «चाकूने ओरखडा पडला» असे लिहिणारे क्वार्ट्झला कॅल्साइट ठरवून बसतात, आणि या दोन पांढऱ्या खनिजांची गल्लत ही कदाचित सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

आणखी एक सापळा कणमय नमुन्यांचा आहे. वालुकाश्मावर सुई ओढली की कण सुटून पडतात आणि दगड मऊ वाटतो. वास्तविक कणांना धरून ठेवणारा जोडपदार्थ कमकुवत असतो, कण स्वतः क्वार्ट्झचे, म्हणजे ७ कठिनतेचे असू शकतात. अशा वेळी सुटलेला चुरा काचेच्या तुकड्यावर बोटाने, कापडाची घडी मध्ये घेऊन, घासावा. काचेवर बारीक ओरखडे उमटले तर कण कठीण आहेत. मातकट हेमॅटाइटही याच कारणाने नखाने खरवडला जातो, जरी त्याच्या स्फटिकांची कठिनता ५.५ ते ६.५ असते. कायनाइट हे खनिज तर दिशेनुसार वेगळे उत्तर देते: लांबीच्या दिशेने चाकू त्याच्यावर चर पाडतो आणि आडव्या दिशेने सहसा पाडत नाही. म्हणून लांबट, पट्टीसारख्या स्फटिकावर दोन दिशांनी चाचणी करावी.

इशारा: तंतुमय, सहज पिंजले जाणारे खनिज खरवडू नये. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू श्वासावाटे आत जाणे घातक असते. क्वार्ट्झयुक्त दगडाचा कोरडा चुरा फुंकून उडवण्याची सवयही टाळावी. ओल्या कापडाने टिपावा. कसाच्या रेघेवर फुंकर मारताना तोंड बाजूला ठेवावे.

टप्पा ६: पाटन आणि भंजन

काही खनिजांच्या अणुरचनेत ठरावीक प्रतलांवरचे बंध दुर्बल असतात आणि आघात झाला की खनिज त्या प्रतलांवर सपाट फुटते. या गुणधर्माला पाटन म्हणतात. वेड्यावाकड्या किंवा वक्र फुटीला भंजन म्हणतात. क्वार्ट्झचे भंजन शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र, एककेंद्री रेषा असलेले, म्हणजे शंखाभ असते.

पाहण्याची रीत सोपी आहे, पण तिला उजेड नीट लागतो. नमुना एका दिव्याखाली धरून हळूहळू फिरवावा. पाटनपृष्ठ असेल तर एका विशिष्ट कोनात ते अख्खे एकदम लखकन चमकते, आणि लहान लहान पायऱ्यांसारखे खालचे-वरचे समांतर भागही त्याच क्षणी चमकतात. आता दिशा मोजाव्यात, पृष्ठे मोजू नयेत. सैंधवाच्या ठोकळ्याला सहा बाजू असल्या तरी पाटनाच्या दिशा तीनच आहेत, कारण समोरासमोरच्या बाजू एकाच दिशेच्या असतात.

अभ्रकाला एकच उत्तम दिशा असते आणि म्हणून त्याचे पातळ पापुद्रे निघतात. फेल्स्पारला दोन दिशा, सुमारे ९० अंशांत. सैंधव आणि गॅलेना यांना तीन, तंतोतंत काटकोनात. कॅल्साइटलाही तीनच, पण त्या सुमारे ७५ व १०५ अंशांत असल्याने त्याचे तुकडे कलते ठोकळे होतात. फ्लुओराइटला चार दिशा असतात. पायरोक्सिन आणि अँफिबोल ही काळपट खनिजे डोळ्यांना सारखीच दिसतात आणि त्यांची कठिनताही जवळजवळ सारखी आहे. तिथे कोनच निर्णय देतो. पायरोक्सिनच्या दोन दिशा ९० अंशांच्या जवळ असतात, अँफिबोलच्या सुमारे ५६ व १२४ अंशांत. कोनमापकाची गरज नाही, काटकोन आणि काटकोन नसलेला कोन यांतला फरक भिंगातून स्पष्ट कळतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्फटिकाच्या नैसर्गिक पृष्ठांना पाटन समजणे. क्वार्ट्झचा षट्कोनी स्फटिक सुबक सपाट बाजूंचा असतो, पण त्या बाजू तो वाढताना घडलेल्या असतात. फुटला की तो शंखाभच फुटतो. पायराइटचे घनाकार स्फटिकही असेच फसवतात.

पडताळा: सपाट पृष्ठाखाली त्याला समांतर बारीक भेगा किंवा पायऱ्या दिसतात का? दिसत असतील तर ते पाटन आहे. पृष्ठ एकटेच असेल, त्यावर वाढीच्या आडव्या रेषा असतील आणि तुटलेली जागा वक्र असेल, तर ते स्फटिकपृष्ठ आहे.

टप्पा ७: घनता, चुंबक आणि शेवटी आम्ल

हातात तोलून «जड वाटतो» असे लिहू नये. मोठा दगड नेहमीच जड वाटतो. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे नमुना तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजायला पाच मिनिटे लागतात आणि या सर्व चाचण्यांत आकड्यात उत्तर देणारी तीच एक आहे.

प्रथम कोरड्या नमुन्याचे वजन घ्यावे. मग निम्मे पाणी असलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. नमुना बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असा अधांतरी धरावा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नमुन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. उदाहरणार्थ, कोरडे वजन १३२.५ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ५० ग्रॅम असेल तर उत्तर २.६५, म्हणजे नेमके क्वार्ट्झचे. कॅल्साइटचे २.७१, जिप्समचे सुमारे २.३, बॅराइटचे सुमारे ४.५, पायराइटचे सुमारे ५, मॅग्नेटाइटचे सुमारे ५.२ आणि गॅलेनाचे ७.५ च्या आसपास असते. पांढरा, काचेसारखा, चाकूने ओरखडला जाणारा आणि ४.५ विशिष्ट गुरुत्वाचा तुकडा हाती आला तर बॅराइट सोडून फार थोडी नावे शिल्लक राहतात.

लहान तुकडा आणि ढोबळ काटा यांची जोडी मात्र निरुपयोगी असते. १३ ग्रॅमचा तुकडा ५ ग्रॅम पाणी सारतो असे धरू. काटा एका ग्रॅमने चुकला तर उत्तर २.६ ऐवजी ३.२५ किंवा २.१७ येईल, आणि त्यावरून काहीही ठरवता येणार नाही. नमुना तळाला टेकला तर त्याचे वजनही काट्यावर येते. पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे उत्तर खाली ओढतात. नमुना पाण्यात दोन-तीनदा हलवून ते सोडवावेत. सच्छिद्र दगडावर ही चाचणी करूच नये.

चुंबकाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. तो दोऱ्याला टांगून नमुन्याजवळ न्यावा, म्हणजे क्षीण आकर्षणही कळते. मॅग्नेटाइट जोरात ओढतो. हेमॅटाइट सहसा ओढत नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण असल्याने टांगलेला चुंबक त्याच्याकडेही किंचित झुकतो, म्हणून एवढ्यावरून दगडाला लोहखनिज ठरवू नये.

आम्लाची चाचणी सर्वांत शेवटी. आधी त्याच जागी साध्या पाण्याचा थेंब टाकावा. कोरड्या, सच्छिद्र दगडात पाणी शिरताना आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि तिलाच आम्लाची प्रतिक्रिया समजले जाते. पाण्याने बुडबुडे आले नाहीत याची खात्री झाल्यावर ताज्या फुटीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब टाकावा. कॅल्साइट लगेच जोराने फसफसतो. डोलोमाइटचा अखंड पृष्ठभाग थंड आम्लात जेमतेम प्रतिसाद देतो, पण सुईने खरवडून चुरा केला की त्यावर फसफस दिसते. म्हणून पहिल्या थेंबाला उत्तर न मिळाल्यास चुऱ्यावर दुसरा थेंब टाकल्याशिवाय «प्रतिक्रिया नाही» असे लिहू नये. व्हिनेगर सौम्य असल्याने ते थेट चुऱ्यावर टाकावे, थांबावे आणि भिंगातून बुडबुडे शोधावेत.

फसफस नेमकी कुठून येते हेही पाहावे. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेले असते, वालुकाश्माचे कण कॅल्साइटने जोडलेले असू शकतात. शिरेवर थेंब टाकून सगळा खडक चुनखडक ठरवणे ही नेहमीची घाई आहे.

इशारा: आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा घालावा, उघड्या हवेत काम करावे, नंतर नमुना भरपूर पाण्याने धुवावा. चव घेऊन खनिज ओळखण्याची रीत पूर्णपणे सोडावी. आर्सेनिक, पारा आणि शिसे असलेली खनिजे ओळखण्याआधीच जिभेवर जाण्याचा धोका त्यात आहे. काम संपले की हात धुवावेत.

टप्पा ८: खडक असेल तर आधी पोत, मग घटक

खडकाचे नाव दोन गोष्टींवर ठरते: त्याच्यात कोणती खनिजे आहेत आणि ती एकमेकांशी कशी बसली आहेत. दुसरी गोष्ट आधी पाहावी. भिंगाखाली तीनपैकी कोणते चित्र दिसते ते ठरवावे.

पहिले, कोनदार स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत, मध्ये जागा नाही आणि मांडणीला विशिष्ट दिशा नाही. हे अग्निजन्य खडकाचे लक्षण. दुसरे, सुटे कण किंवा गोटे आहेत आणि त्यांच्यामधली जागा वेगळ्या, बारीक पदार्थाने भरली आहे, किंवा जीवाश्म व थर दिसतात. हा गाळाचा खडक. तिसरे, कण गुंतलेले आहेत पण चपट्या खनिजांचा कल एकाच दिशेने आहे, किंवा फिक्या व गडद खनिजांचे पट्टे पडले आहेत. हा रूपांतरित खडक. संगमरवर आणि क्वार्ट्झाइट यांत असा कल बहुधा दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पुढची जोडी-तपासणी आवश्यक ठरते.

अग्निजन्य खडकात कणांचा आकार शिलारस कसा थंड झाला ते सांगतो. खोलवर सावकाश थंड झालेल्या खडकाचे कण डोळ्यांना दिसतात. पृष्ठभागावर झपाट्याने थंड झालेल्याचे दिसत नाहीत. मग गडद खनिजांचे प्रमाण अजमावावे. फिका आणि जाडकणी असेल तर ग्रॅनाइट, त्याच घटकांचा सूक्ष्मकणी रायोलाइट. मधल्या छटेचे डायोराइट आणि अँडेसाइट. गडद जाडकणी गॅब्रो आणि गडद सूक्ष्मकणी बेसाल्ट. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ ओळखताना पुष्कळ जण अडखळतात, कारण ते पांढऱ्या कणांत त्याला शोधतात. खडकातला क्वार्ट्झ बहुधा करडा, काचेसारखा, सपाट पृष्ठ नसलेला दिसतो. पांढरे किंवा गुलाबी आणि नमुना फिरवताना सपाट चमकणारे कण फेल्स्पारचे असतात.

गाळाच्या खडकात कणांचे माप हेच नाव देते. २ मिलिमीटरपेक्षा मोठे गोलसर गोटे असतील तर पिंडाश्म, तेच तुकडे कोनदार असतील तर संकोणाश्म. १/१६ ते २ मिलिमीटर कणांचा वालुकाश्म. त्याहून बारीक कणांचे पंकाश्म, आणि पातळ पत्र्यांत सुटत असेल तर शेल. कण मोजताना मोजपट्टी भिंगाखाली धरावी, अंदाज करू नये.

रूपांतरित खडकांत पत्रांची जाडी आणि अभ्रकाची दृश्यता पाहावी. पाटीचा दगड सूक्ष्मकणी आणि सपाट फुटणारा. फिलाइटच्या पृष्ठावर रेशमी झाक. शिस्टमध्ये अभ्रकाचे पापुद्रे डोळ्यांना दिसतात. नाइसमध्ये फिके-गडद पट्टे.

टप्पा ९: गल्लत होणाऱ्या जोड्या तपासणे

मनात नाव तयार झाले असेल तर ते वहीत लिहिण्याआधी त्याच्या जुळ्या दिसणाऱ्या दगडाशी ताडून पाहावे.

संगमरवर आणि क्वार्ट्झाइट: दोन्ही पांढरे, साखरेसारखे कणीदार. पहिल्यावर चाकूची चर पडते. दुसरा काच ओरखडतो आणि आम्लाला दाद देत नाही. संगमरवर डोलोमाइटचा असेल तर आम्ल चुऱ्यावर टाकावे लागते.

क्वार्ट्झाइट आणि वालुकाश्म: फुटीचा पृष्ठ पाहावा. वालुकाश्म कणांच्या भोवतीने फुटतो, म्हणून फूट खरखरीत असते; क्वार्ट्झाइट कणांमधून आरपार फुटतो आणि फूट गुळगुळीत दिसते.

शेल आणि पाटीचा दगड: टकटक करून ऐकावे. पाटीचा दगड खणखणीत वाजतो, शेलचा आवाज बद्द येतो. पाटीचा दगड मूळ थरांना छेदूनही फुटू शकतो, तेव्हा फुटीची दिशा म्हणजे थरांची दिशा असे गृहीत धरू नये.

ग्रॅनाइट आणि नाइस: एकाच बाजूकडे पाहून निर्णय देऊ नये. पट्ट्यांना समांतर असलेल्या बाजूवर नाइस अगदी ग्रॅनाइटसारखा दिसतो. दोन काटकोनी बाजू पाहाव्यात.

ज्वालामुखी काच आणि भट्टीची मळी: धातू वितळवण्याच्या भट्टीतून निघालेली मळी काळी, काचेसारखी, शंखाभ फुटणारी असते आणि रस्ते व रूळमार्ग यांच्या भरावात सर्वत्र पसरलेली असते. ताणलेले बुडबुडे, निळ्या-हिरव्या छटांचे पट्टे, धातूचे थेंब किंवा आत अडकलेला कोळसा यांपैकी काही दिसले तर मळीचा संशय घ्यावा. उल्का सापडली असे वाटणाऱ्यांनीही आधी हीच तपासणी करावी. उल्कापाषाणात बुडबुड्यांच्या पोकळ्या जवळजवळ कधीच नसतात. आणि जड, काळ्या तुकड्याचा कस ठळक काळा किंवा तांबूस आला, तर तो अनुक्रमे मॅग्नेटाइट किंवा हेमॅटाइट असण्याचा संभव फार मोठा असतो.

टप्पा १०: नाव लिहिणे

आता वहीतली निरीक्षणे एका ओळीत आणावीत: चमक, कस, कठिनतेची कक्षा, पाटनाच्या दिशा व कोन, विशिष्ट गुरुत्व, चुंबक, आम्ल. या सर्वांत बसणारेच नाव लिहावे. एक जरी निरीक्षण विरोधात जात असेल तर ती चाचणी दुसऱ्या ताज्या फुटीवर पुन्हा करावी; विरोध कायम राहिला तर नाव सोडावे, निरीक्षण सोडू नये.

जिथे चाचण्या एका गटापर्यंतच नेतात, तिथे गटाचे नाव लिहिणे हेच बरोबर उत्तर आहे. «अँफिबोल गटातील खनिज» किंवा «गडद, सूक्ष्मकणी अग्निजन्य खडक» ही नोंद अचूक आहे. त्याऐवजी अंदाजाने टाकलेले नेमके नाव पुढच्या वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावते. सूक्ष्मकणी खडकाचे घटक ठरवायला सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप करून तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि एकमेकांना जवळच्या खनिजांसाठी क्ष-किरण विवर्तनाची गरज पडते. ही कामे प्रयोगशाळेची आहेत. नमुना तिकडे पाठवताना न धुतलेली साल असलेला आणि ताजी फूट असलेला, असे दोन्ही तुकडे द्यावेत, आणि आम्ल लावलेला तुकडा असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

चिठ्ठीवर नावाशेजारी ते कोणत्या चाचण्यांवर आधारले आहे तेही नोंदवावे. पुढे नाव बदलले तर जुनी चिठ्ठी फेकू नये; तिच्याखालीच नवे नाव, तारीख आणि ज्या चाचणीमुळे बदल करावा लागला ती चाचणी लिहून दोन्ही नोंदी नमुन्याबरोबर ठेवाव्यात.